एका रात्रीची अट

पहिल्यांदा हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात गेलो तेव्हा आमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या दिवसासमोर लिहिलं होतं: की गावचा गोम्पा (म्हणजे बौद्ध मठ), किब्बर, चिचम पूल, लांगझा, हिक्किम, कोमिक, रात्री मुक्काम काझा. काझा हे स्पितीतलं मुख्य गाव. सकाळी आठला निघालो, संध्याकाळी सहाला परतलो. कागदावरचं एकही नाव सुटलं नाही. लांगझ्याला बुद्धमूर्तीपाशी वीस मिनिटं, हिक्किमच्या टपाल कार्यालयात पोस्टकार्डांवर शिक्के मारून घ्यायला अर्धा तास, कोमिकच्या गोम्पात जेमतेम पंधरा मिनिटं. कोमिक ४,५८७ मीटरवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत गाडीतल्या चौघांची डोकी ठणकत होती आणि एका ताईंना उलट्या सुरू झाल्या होत्या. त्या दिवसभरात स्पितीतल्या माणसांशी मी जे बोललो ते एवढंच होतं: चहाचे किती झाले, आणि फोटो काढला तर चालेल का.

तीन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी एकच गाव धरलं आणि चार रात्री एकाच घरात राहिलो. हा लेख या दोन प्रवासांमधल्या फरकाबद्दल आहे. पण तो माझ्या अनुभवापुरता असता तर लिहायची गरज नव्हती. स्पितीत किती पर्यटक यावेत, कोणत्या रस्त्याने यावेत, त्यांच्याकडून काय घ्यावं, यावर हिमाचलात आणि हिमाचलाबाहेरही वाद चालू आहे. त्या वादात आकडा नेहमी माणसांचा आणि गाड्यांचा असतो. माझं म्हणणं असं आहे की मोजायला हव्यात त्या रात्री. जो माणूस गावात एक रात्रही काढणार नाही, त्याने त्या गावाच्या गोम्पाच्या दारात गाडी नेऊ नये. आणि ही अट घालण्याचा अधिकार शिमल्याचा किंवा दिल्लीचा नसून त्या गावाचा आहे.

आधी गोम्पा आणि गाव यांचं नातं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

स्पिती म्हणजे पर्जन्यछायेतलं थंड वाळवंट. पाऊस जवळजवळ नाही, झाडं नावाला, शेतीचा काळ एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंतचा. डोंगरावरचा बर्फ वितळतो, ते पाणी कूल नावाच्या लांबच लांब पाटांनी गावात आणायचं आणि त्यावर सातू पिकवायचा, हे इथल्या जगण्याचं मूळ गणित. जमीन हवी तेवढी आहे, पाणी मोजकं आहे. म्हणून जमीन वाटून चालत नाही. जुनी रीत अशी की घर, शेत आणि पाण्याचा हक्क थोरल्या मुलाकडे जायचा. त्याचं लग्न झालं की आईवडील मोठं घर सोडून धाकट्या घरात राहायला जायचे. आणि धाकटे मुलगे गोम्पात लामा व्हायचे. कित्येक मुलींनीही लग्न न करता व्रत घेतलं. असं शेकडो वर्षं चाललं म्हणून कूलाच्या पाण्यावर जेवढी तोंडं पोसली जातात तेवढीच राहिली.

याचा अर्थ, डोंगराच्या टोकावर दिसणारा गोम्पा गावापासून तुटलेला नाही. तो गावाचाच दुसरा वाडा आहे. आत मंत्र म्हणणारा लामा खालच्या शेतात सातू कापणाऱ्याचा भाऊ असतो. पेरणीचा मुहूर्त गोम्पातून येतो, घरात मरण आलं की लामा येतो, आजार आला तरी येतो. पिन खोऱ्यात रीत आणखी वेगळी. तिथे तिबेटी बौद्ध धर्मातली ञिंगमा परंपरा आहे, कुंगरीचा गोम्पा तिचा, आणि तिथले लामा लग्न करून संसारही करतात. म्हणजे तिथे तर गोम्पा आणि घर यांच्यामध्ये भिंतच नाही. आता काळ बदलला आहे, धाकटे मुलगे चंदीगढला आणि शिमल्याला शिकायला जातात, काहीजण टॅक्सी चालवतात. पण नातं तुटलेलं नाही. गाव न बघता गोम्पा बघणं म्हणजे कोणाच्या घरी जाऊन फक्त देवघर बघून परत येणं. घरातल्या कोणाशी बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, देवघराचा फोटो घ्यायचा आणि निघायचं. आपल्या घरी कोणी असं केलं तर आपण त्याला पाहुणा म्हणू का?

स्पितीतल्या ताबो गावच्या विहाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ताबोचं नाव मराठी माणसापुढे घेतलं की 'हिमालयातला अजिंठा' हे विशेषण लगेच येतं. ताबोचा विहार ९९६ मध्ये उभा राहिला. पश्चिम तिबेटातल्या गुगेचा राजा येशे-ओद आणि महान अनुवादक रिंचेन झांगपो यांच्या काळातलं हे काम. पुढे ४६ वर्षांनी राजघराण्यातल्याच ज्यांगछुब-ओदने त्याचा जीर्णोद्धार केला. बाहेरून बघाल तर मातीच्या बुटक्या इमारती, कोणतीही भव्यता नाही. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपाचा धक्का त्यांनी सोसला. आत दुखांगमध्ये, म्हणजे मुख्य सभागृहात, गेलं की डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग भिंतीतून एकेक देवता पुढे येते: मातीच्या बत्तीस मूर्ती, भिंतीच्या मधोमध अशा बसवलेल्या की त्या हवेत तरंगताहेत असं वाटावं. मधे चार दिशांना तोंड करून वैरोचन बुद्ध. आणि मूर्तींच्या खाली चित्रं. एका बाजूला बुद्धचरित्र, दुसऱ्या बाजूला सुधनाची यात्रा.

ही सुधनाची गोष्ट गंडव्यूह सूत्र या महायान बौद्ध ग्रंथातली आहे. सुधन हा श्रेष्ठीचा मुलगा. बोधी कशी मिळेल हे विचारत तो निघतो आणि एकामागून एक पन्नासहून अधिक कल्याणमित्रांना, म्हणजे वाट दाखवणाऱ्या गुरूंना, भेटतो. त्यांत भिक्षू आहेत तसा नावाडी आहे, अत्तरे बनवणारा गंधिक आहे, राजा आहे, गणिका आहे, लहान मुलंही आहेत. प्रत्येकजण त्याला आपल्याला जे येतं ते शिकवतो आणि शेवटी म्हणतो, मला एवढंच ठाऊक आहे, पुढचं अमक्याला विचार. सुधन प्रदक्षिणा घालतो, नमस्कार करतो आणि पुढच्या गावाला निघतो. हजार वर्षांपूर्वी ज्या चित्रकारांनी हे रंगवलं त्यांनी प्रवास कसा करावा हेच त्या भिंतीवर मांडून ठेवलं आहे. यात्रा म्हणजे माणसांना भेटणं, त्यांच्यापाशी थांबणं, विचारणं. आणि त्याच भिंतीसमोर आमच्या गाडीतले लोक पहिल्या खेपेला आठ मिनिटं होते. मी घड्याळ पाहिलं होतं म्हणून आठवतं. डोळे अंधाराला सरावण्यातच त्यातला पाव वेळ गेला.

दुसऱ्या खेपेला माझ्यासोबत नागपूरचा मित्र होता. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली होती. दुखांगमध्ये तो बराच वेळ एका कोपऱ्यात बसून राहिला आणि मग हळू आवाजात त्याने त्रिशरण म्हटलं: बुद्धं सरणं गच्छामि. दिवे सांभाळणारे म्हातारे लामा थबकले. त्यांना पाली येत नव्हती, पण 'बुद्ध' कळला. त्यांनी त्याच चालीत, त्यांच्या भाषेत म्हटलं: सांग्ये ला क्याब सू छिओ. अर्थ तोच. नंतर अंगणात उन्हात बसून दोघं मोडक्या हिंदीत तासभर बोलले. इकडच्या विहारात मूर्ती एकच का असते, तुमच्याकडे एवढ्या देवता कशा, बाबासाहेब कोण, नागपुरात थंडी किती पडते. मी शेजारी बसून ऐकत होतो. हा तास कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही, आणि महाराष्ट्रातून ताबोला जाण्याचं यापेक्षा खरं कारण मला दिसत नाही.

आता पाण्याकडे येतो. इथे अदबीचा मुद्दा संपतो आणि हिशोबाचा सुरू होतो.

स्पितीच्या जुन्या घरात कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी माती आणि राखेचा ढीग, फावडं. वापरून झालं की वरून माती लोटायची. खालच्या खोलीत वर्षभर खत तयार होतं आणि वसंतात शेतात जातं. हे मागासलेपण नाही. जिथे झाडं नाहीत तिथे पालापाचोळा नाही, आणि गुराढोरांचं शेण हिवाळ्यात चुलीला लागतं. मग शेताला काय घालणार? शिवाय हिवाळ्यात उणे वीसच्या खाली नळ गोठतात, फ्लश चालतच नाही. अशा खोऱ्यात पर्यटकाला 'अटॅच्ड बाथरूम, चोवीस तास गरम पाणी' हवं असतं आणि काझ्यातल्या हॉटेलांना ते द्यावं लागतं. त्यासाठी पाणी येतं ते डोंगरातून, झऱ्यातून, जमिनीखालून. म्हणजे ज्या पाण्याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या घरानुसार, पाळीनुसार ठरलेली आहे, त्याच साठ्यातून. मैल्याचं खत होत नाही, ते खड्ड्यात साठतं. एका फ्लशने दोन नुकसानं होतात: शेताचं पाणी जातं आणि शेताचं खतही जातं.

त्यात ऋतूची गाठ पडते ती वेगळीच. गेल्या काही दशकांत स्पितीने हिरवा वाटाणा लावला. मैदानातला वाटाणा संपल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, इथला बाजारात येतो म्हणून भाव चांगला मिळतो. घराघरांतली मुलं याच पैशावर बाहेर शिकली. आणि पर्यटकांची झुंबड असते ती जून ते सप्टेंबर, कारण मनालीहून येणाऱ्या रस्त्यावरची कुंझुम खिंड साधारण तेव्हाच उघडी असते. म्हणजे गावाला प्रत्येक हात शेतात हवा असतो नेमके तेच आठवडे. मी राहिलो त्या घरातली आमा, म्हणजे आई, पहाटे चारला उठून आमच्यासाठी पोळ्या करून ठेवायची, मग कूलाचं पाणी वळवायला जायची, कारण त्या दिवशी त्यांच्या घराची पाळी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही वाटाणे तोडायला गेलो. तासाभरात माझी कंबर धरली. आमा हसली आणि मला सावलीत बसवून तिने ताक दिलं. पाहुण्याने चार दिवस राहून दोन खोल्यांचं भाडं, जेवणाचे पैसे दिले तर त्या घराला वाटाण्याच्या पोत्यांइतकाच आधार होतो. गाडीतून वीस मिनिटांसाठी उतरणाऱ्याकडून त्याच गावाला एका चहाचे पैसे मिळतात. धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या मात्र दोघांपैकी दुसराच जास्त ठेवून जातो.

म्हणूनच मला माणसांचा आकडा मोजण्यात फारसा अर्थ वाटत नाही. शंभर माणसं एक दिवस येऊन गेली आणि पंचवीस माणसं चार दिवस राहिली, माणसांच्या आकड्यात पहिली चौपट भरतात. गावाच्या हिशोबात पहिल्या शंभरांनी रस्ता वापरला, दुसऱ्या पंचविसांनी घर वापरलं.

इथे भूतानचं उदाहरण नेहमी दिलं जातं. भूतानने परदेशी पर्यटकांकडून रोजचं शुल्क घेतलं. २०२२ मध्ये ते माणशी दोनशे डॉलर केलं, पुढच्याच वर्षी निम्म्यावर आणलं. भारतीयांसाठी ते रात्रीला १,२०० रुपये आहे. स्पितीतही असंच जबर शुल्क लावा, गर्दी आपोआप कमी होईल, असं बरेच लोक म्हणतात, आणि त्यांत हिमालयावर प्रेम करणारेही आहेत. मला हे पटत नाही. पैशाची चाळणी लावली की खाली पडतो तो गरीब आणि वर राहतो तो श्रीमंत. घाईचा माणूस मात्र वरच राहतो. खिशात पैसे असलेला माणूस शुल्क भरतो आणि मग ते वसूल करायला दिवसात आणखी दोन गोम्पा जास्त बघतो. नागपूरहून स्लीपर क्लासने निघून, चंदीगढपासून एसटीसारख्या लाल-डब्यातून, हिमाचल परिवहनच्या बसने दोन दिवस हाडं खिळखिळी करत ताबोला पोहोचणारा तरुण बौद्ध अभ्यासक त्या चाळणीतून खाली पडतो. तो तर हवाच आहे. चाळणी दिवसांची असली की तिच्यावर पैसा नव्हे, सवड असलेला माणूस राहतो.

सवड ही श्रीमंतांचीच असते, असा आक्षेप मला एका स्नेह्याने घेतला. नोकरदाराला वर्षाकाठी आठ दिवस सुटी मिळते, त्याने काय करावं? आक्षेप खरा आहे. माझं उत्तर: आठ दिवस आहेत तर दोन गावं करा. ताबो आणि आणखी एक. शिमला-किन्नौरच्या बाजूने जा, शिमला, मग कल्पा, मग ताबो, अशी उंची पायरीपायरीने चढते. शरीराचाही तोच आग्रह असतो: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. मनाली दोन हजार मीटरवर आणि काझा साडेतीन हजारांच्या वर. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून एका दिवसात काझा गाठणं आणखी सोपं झालं, आणि विरळ हवा लागून आजारी पडणंही. त्या ताईंच्या उलट्यांना गोळी नव्हे, आणखी दोन रात्री हव्या होत्या. आपल्याकडे दीड-दोन दिवसांत अष्टविनायक उरकतात, तीच सवय आपण डोंगरात घेऊन जातो. वारीला जाणारा माणूस वाटेतली देवळं मोजत नाही, ही सवयही आपलीच आहे. तीही नेता येईल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो स्पितीतूनच येतो. काझ्यात टॅक्सी चालवणारा एक मुलगा मला म्हणाला, "तुम्ही एकदा बघून घेतलंत, आता दार लावायचं म्हणता. आम्ही काय संग्रहालयात राहायचं?" त्याला मी काय सांगितलं ते इथे लिहितो, कारण अजूनही तेच म्हणेन. रस्ता हवाच. बाळंतीण काझ्याहून पुढच्या दवाखान्यात नेताना रस्ता लागतो, वाटाण्याची गाडी वेळेवर निघायला लागतो. स्पितीतून जाणारा समदो-काझा-ग्राम्फू मार्ग रुंद होतो आहे ते चांगलंच आहे. पर्यटनही हवं. पण दार लावणं आणि दाराशी उभं राहून 'बसा, थांबा' म्हणणं यांत फरक आहे. आज पर्यटनातला मोठा वाटा जातो तो बाहेरच्या सहल कंपनीला, मनालीतल्या गाडीवाल्याला आणि काझ्यातल्या मोठ्या हॉटेलाला. रात्रीची अट गावांनी घातली तर तो पैसा डोंगरावर चढेल, आणि काझ्याहून वर जाणाऱ्या गाड्या गावातल्या मुलांच्या असतील. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग गाडी आमची पाहिजे, हे आधी लिहा." म्हणून ते लिहिलं.

हे कसं घडेल? यासाठी नवा कायदा लागत नाही. लाहौल-स्पिती जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू आहे. आपल्या परंपरा, आपली सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असं तो कायदा स्पष्ट सांगतो. कूल हे सामूहिक साधन आहे. गोम्पा ही सांस्कृतिक ओळख आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला याची ताकद वेगळी सांगायला नको. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत ग्रामसभेच्या बळावर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि तो मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गाव आहे. तिथे प्रश्न बांबूचा होता, इथे पाण्याचा आणि पाहुण्यांचा आहे.

आणि स्पितीच्या गावांना एकत्र ठरवणं काही नवीन नाही. किब्बरच्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या कुरणाचा एक भाग चराईला बंद केला, भरल नावाच्या रानमेंढ्यांना चारा राहावा म्हणून. भरल वाढले तर हिमबिबट्या गुरांवर कमी येईल. आज त्याच गावात हिवाळ्यात हिमबिबट्या बघायला लोक येतात आणि दिवसेंदिवस मुक्काम करतात, कारण तो प्राणी वीस मिनिटांत दिसत नाही. डेमुल गावात पाहुणे पाळीपाळीने घरांत उतरतात. कूलाचं पाणी जसं पाळीने, तसे पाहुणेही. ही कल्पना कोणा सल्लागाराने काढलेली वाटत नाही, ती शेताच्या बांधावरून आलेली दिसते. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या काळात स्पितीने आपणहून पर्यटन बंद ठेवलं. सगळा हंगाम बुडाला, तरी बंद ठेवलं. त्याच जूनमध्ये बाहेरून येणाऱ्यासाठी ठरवलेला नियम राज्याच्या मंत्र्यालाही लागू आहे म्हणत काझ्यातल्या महिला मंडळाच्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर गुन्हेही दाखल झाले. ज्या बायकांनी मंत्र्याची गाडी अडवली, त्या सहलीच्या गाड्यांना मुक्कामाची अट घालू शकणार नाहीत असं मला वाटत नाही.

अडचणी आहेत. एका गावाने अट घातली आणि शेजारच्याने नाही घातली तर गाड्या शेजारी वळतील. म्हणून की, किब्बर, चिचम, लांगझा, हिक्किम, कोमिक या वरच्या पठारावरच्या गावांनी एकत्र बसावं लागेल. किती घरांत खोल्या आहेत, तेवढेच पाहुणे. हा आकडा ग्रामसभेलाच ठाऊक असतो. बाहेरची गाडी काझ्यात थांबवून वर गावच्या गाड्यांनी जायचं, याला आपल्याकडे दाखला आहे: अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं, आणि लेणीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. सुरुवातीला लोक कुरकुरले, आता कोणाला त्याचं काही वाटत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते आणि व्यवस्था आजूबाजूच्या गावांची समिती बघते. ताबोला तर हे उद्यापासून करता येईल. मातीच्या त्या भिंतींना आता बर्फाऐवजी पावसाचा मार बसू लागला आहे. जे छप्पर बर्फ झाडून टाकण्यासाठी बांधलं होतं ते पाण्यापुढे टिकत नाही. बाहेरून पाणी आणि आतून श्वासांची वाफ, दोन्हीकडून त्यांना छळायचं कारण नाही. डोंगराच्या कड्यावर, स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर लटकलेला धनकरचा जुना गोम्पा २००६ मध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत गेला होता. तिथे एका वेळी चाळीस माणसं चढवणं हा सरळ धोका आहे, त्या वास्तूला आणि त्या चाळिसांना.

गावाने नियम करेपर्यंत आपण थांबायची गरज नाही. महाराष्ट्रातून स्पितीला जाणाऱ्या सहली मे महिन्याच्या आत ठरतात. पुण्यामुंबईत, नाशकात, नागपुरात सहली काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी पाचव्या दिवसाचा तो कागद फाडून टाकावा. 'एका दिवसात सहा ठिकाणं' ही ओळ जाहिरातीतून काढावी. त्या जागी लिहावं: ताबो, दोन रात्री. लांगझा किंवा डेमुल, तीन रात्री, गावातल्या घरी, कोरडा संडास, जेवण घरच्यांसोबत. की गोम्पा, पहाटेच्या प्रार्थनेला, आदल्या रात्री जवळच मुक्काम करून. जे प्रवासी हे वाचून नाराज होतील ते दुसरीकडे जातील, आणि जे येतील ते पुन्हा येतील. आणि प्रवाशांनो, पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: आम्ही रात्री कोणाच्या घरी राहणार आहोत? हॉटेलाचं नाव सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा: ते कोणत्या गावात आहे, आणि तिथलं पाणी कुठून येतं?

मी राहिलो त्या घरातून निघालो तेव्हा आमाने पिशवीभर वाटाणे दिले, वाळवलेले, हिवाळ्यासाठी ठेवलेल्यातले. पैसे घेतले नाहीत. "जूले," म्हणाली, आणि मग शेजारच्या घराकडे बोट दाखवून, पुढच्या वेळी आलास तर तिकडे उतर, आमची पाळी होऊन गेली.